थोरली लाँचीची शेवटची फेरी: बामणोली ते तापोळा

साताऱ्यात राहून जहाजांचं वेड कसं लागलं, हे आम्हाला नेहमी विचारतात. आमच्या गटातले काका यावर एकच उत्तर देतात: शाहू महाराजांनी कान्होजी आंग्र्यांचं सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, कायम केलं ते याच साताऱ्याच्या गादीवरून, मग आम्ही का नाही जहाजांवर प्रेम करायचं? काका वाईचे. मालवाहू जहाजांवर इंजिनिअर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. त्यांच्यामुळेच आम्ही पाच-सहा जण जमलो, भाऊच्या धक्क्यावर आणि बॅलार्ड पिअरला जायला लागलो, जहाजांच्या जन्मतारखा पाठ करायला लागलो.

'कर्णिका' हे क्रूझ जहाज आमच्या सगळ्यांचं लाडकं. इटलीत मॉन्फाल्कोनेला 1990 मध्ये बांधलेली, 245 मीटर लांबीची, आणि पुढचा भाग रेन्झो पियानो या वास्तुरचनाकाराने डॉल्फिनच्या डोक्यासारखा घडवलेला. 2019 मध्ये ती मुंबईहून प्रवाशांना घेऊन निघू लागली तेव्हा काका आणि काकू तिच्यातून गोव्याला जाऊन आले. 2020च्या अखेरीस ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर, भंगारात गेली. करोनाचे दिवस, घराबाहेर पडता येत नव्हतं. तिला धक्क्यावरून हात हलवायलासुद्धा आमच्यापैकी कुणी नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नौदलाची विमानवाहू नौका 'विराट'ही अलंगला गेली. ही दोन जहाजं आमच्या हातून अशीच निसटली.

म्हणून कोयनेच्या शिवसागर जलाशयातली एक जुनी लाँच डिसेंबरात शेवटची फेरी करणार असल्याचं कळलं, तेव्हा जायचं की नाही यावर चर्चाच झाली नाही. बामणोलीकडे तिला सगळे 'थोरली' म्हणतात. आजूबाजूच्या फायबरच्या सगळ्या बोटींपेक्षा ती वयाने आणि अंगाने मोठी. पोलादी, पन्नासेक फूट लांब, वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही कडांना लाकडी बाकं.

शुक्रवार: यवतेश्वर, कास, बामणोली

दुपारी पोवई नाक्यावर जमलो आणि यवतेश्वराचा घाट चढलो. सोबत झेंडूच्या माळा, कंदी पेढ्यांचे चार पुडे, काकांची हत्यारांची पेटी आणि माझ्या मांडीवर एक गुंडाळी. या गुंडाळीबद्दल आधी सांगते. नौदलाचं जहाज निवृत्त होतं तेव्हा त्याच्या डोलकाठीवर एक चिंचोळी, लांबच लांब पताका चढवतात. 6 मार्च 2017 ला 'विराट' निवृत्त झाली तेव्हा तो सोहळा आम्ही टीव्हीवर पाहिला होता. थोरलीला नौदलाचा मान कोण देणार? मग आम्हीच द्यायचा ठरवला. पांढऱ्या सुती कापडाची, लाँचीच्या लांबीहून थोडी जास्तच अशी पताका माझ्या वहिनीने घरच्या मशीनवर शिवली.

कासला या दिवसांत फुलं नसतात. सप्टेंबरातली गर्दीही नसते. पिवळं पडलेलं गवत, काळा कातळ आणि अंगात शिरणारा वारा. मला कास असंच आवडतं. तलावाजवळ चहा आणि कांदाभजी झाली. तिथून पुढे रस्ता उतरायला लागला आणि एका वळणावर खाली पाणी दिसलं. महाबळेश्वराहून निघालेली कोयना दक्षिणेला वाहत येते, पुढे हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. मधल्या या सगळ्या खोऱ्यात आता धरणाचं पाणी उभं आहे, जवळजवळ पन्नास किलोमीटर लांब. डोंगरांच्या प्रत्येक घळीत ते शिरलेलं आहे, त्यामुळे नकाशात त्याला एक सरळ काठ कुठेच सापडत नाही.

थोडं व्यवहाराचं: गाडीत इंधन साताऱ्यातच भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा, बामणोलीत फोनला रेंज येते-जाते. डिसेंबर-जानेवारीत पाण्याकाठी रात्री चांगलीच थंडी पडते, तंबूत राहणार असाल तर स्वतःचं पांघरूण न्या. कासच्या पठारावर संध्याकाळनंतर धुकं उतरतं, उजेडात पोहोचलेलं बरं.

मामा धक्क्यावरच उभे होते. थोरली चालवणारे हे मामा; त्यांचे वडीलही याच पाण्यावर लाँच चालवायचे. "या, या. तुमचीच वाट बघत व्हती ती," म्हणाले आणि थोरलीच्या कठड्यावर हात ठेवला.

काकांनी आधी चहासुद्धा घेतला नाही. पेटीतून छोटी हातोडी काढली आणि तळाच्या फळ्या उचलून खाली उतरले. पत्र्यावर हलके ठोके मारत पुढून मागे गेले. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, झिजलेल्याचा बसका. पुढच्या अर्ध्या भागात खणखणीत आवाज येत होता. मागे, इंजिनाच्या खालच्या बाजूला, काका थांबले, पुन्हा ठोकलं, मग हातोडी खाली ठेवून हातानेच पत्रा चाचपला. वेल्डिंगवर वेल्डिंग झालेलं होतं. "मामा, तुम्ही योग्य वेळी थांबवताय तिला," एवढंच म्हणाले. मामांनी मान हलवली. त्यांना ते माहीत होतं, पण एका जहाजी माणसाच्या तोंडून ऐकल्यावर त्यांचे खांदे थोडे सैलावल्यासारखे वाटले.

रात्री मामींनी मरळ माशाचं कालवण, नाचणीची भाकरी, इंद्रायणीचा भात आणि हिरव्या मिरचीचा खर्डा वाढला. काकू शाकाहारी, त्यांच्यासाठी हुलग्याच्या शेंगोळ्या. त्या शेंगोळ्या आम्ही सगळ्यांनीच खाल्ल्या आणि काकूंना कमी पडल्या.

जेवणानंतर शेकोटीशी मामा बोलत राहिले. कोयना धरण साठच्या दशकात पुरं झालं आणि खोऱ्यातली गावं उठली. कुणी सांगली-सोलापूरकडे गेलं, कुणी रायगड-ठाण्याकडे. जे राहिले ते वर डोंगराच्या उतारावर सरकले. जुनी पायवाट, बैलगाडीची वाट, बाजाराची वाट, सगळ्या पाण्याखाली. समोरच्या गावाला जायला लाँच, दळण आणायला लाँच, रेशनचं धान्य, मास्तर, डॉक्टर, टपाल, मतपेट्या, सगळं लाँचीतून. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हाच्या गोष्टी मामांनी वडिलांकडून ऐकलेल्या: घरं बसली होती आणि माणसं थंडीत उघड्यावर बसून पाण्याकडे बघत होती, धरण राहिलं की गेलं म्हणून. धरण राहिलं.

मला तेव्हा आमच्या वह्यांमधल्या नोंदी आठवल्या. 'क्वीन एलिझाबेथ 2' किती वेगाने जायची, 'नॉर्वे'ची लांबी किती होती. ती जहाजं भव्यच होती. पण त्यांच्यातून गेलेली माणसं सहलीला निघालेली असत. जहाज चुकलं तर सहल हुकली असती. थोरली चुकली तर माणूस घरी पोहोचत नसे.

शनिवार: धुकं, ओटी, पताका आणि शंख

पहाटे उठून बाहेर आले तर पाणीच नाही. धुक्याने सगळं पुसलं होतं. धक्क्याची पायरी दिसत होती, पुढची दिसत नव्हती. आठला निघायचं ठरलं होतं, मामा म्हणाले, "सूर्य वर येऊ द्या, मग धुकं आपसूक उठतंय." दहापर्यंत आम्ही चहा पीत बसलो. आणि बरंच झालं, कारण तोवर माणसं जमायला लागली.

आम्हाला वाटलं होतं आम्ही सहा आणि मामांच्या घरचे. पण बामणोलीतून, वरच्या वाड्यांमधून, समोरच्या काठावरून फायबरच्या बोटींनी लोक येत राहिले. एकाच्या खांद्यावर नातू, एकाच्या हातात नारळ. मुंबईत माथाडी कामाला असलेले काही जण रात्रीच्या एसटीने खास आले होते. या खोऱ्यातल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस मुंबईच्या गोदीत नाहीतर बाजारात ओझं वाहतो. सुट्टीला येताना शेवटचा टप्पा लाँचीचाच.

मग चार-पाच बायका पुढे झाल्या. हातात ताट: खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू. त्यांनी थोरलीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. आमच्यापैकी कुणालाही हे माहीत नव्हतं, ठरवलेलं नव्हतं. माहेरवाशीण निघाली की भरतात तशी. खण नाळेवर ठेवला, नारळ दोरीच्या वेटोळ्यात बसवला. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क आजी माझ्याकडे वळल्या. "ह्याच लाँचीतनं नांदाय आले मी. वरात म्हंजी ही एकच. घोडं नाय, गाडी नाय. वाऱ्यानं मुंडावळ्या पाण्यात गेल्या आन सासू म्हनली, जाऊ दे, कोयनामाईला दिल्या."

मी त्यांच्या पाया पडले.

पताका लावायला डोलकाठी हवी. मामांच्या मुलाने छपराच्या मागच्या कोपऱ्याला उंच बांबू बांधला होता. काकांनी दोरीला गाठ मारली आणि पताका वर ओढली. वारा नव्हता, ती सरळ खाली लोंबली आणि तिचं टोक पाण्यात पडायला लागलं. एका पोराने ते धरून ठेवलं. लाँच सुरू झाली की उठेल, काका म्हणाले.

इंजिन हँडल मारून सुरू करायचं. मामांनी मुलाला बाजूला केलं आणि स्वतः मारलं. पहिल्यांदा नुसता धूर. दुसऱ्यांदा पकडलं. डिझेलचा तो ठोका बाकांतून अंगात शिरतो. फायबरच्या बोटीत हा अनुभव नाही. काका खाली इंजिनाच्या खड्ड्याशी बसले ते तापोळा येईपर्यंत वर आले नाहीत. तेलाचं भांडं हातात घेऊन, कान इंजिनाकडे लावून.

धुकं उठत होतं. आधी पलीकडचा काठ, मग त्यावरची झाडी, मग डोंगरमाथा. पश्चिमेच्या काठाची झाडी कोयना अभयारण्याची, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलेली. आम्ही उत्तरेला निघालो, तापोळ्याच्या दिशेने. वेग आला तशी पताका उठली आणि आमच्या मागे पाण्यावर लांब ताणली गेली. दोन्ही बाजूंनी फायबरच्या बोटी चालत होत्या, त्यात लोक उभे. एवढ्या मोठ्या ताफ्यात मी कधी नव्हते. मुंबई बंदरात आम्ही जहाजं नेहमी लांबून बघतो, कुंपणाच्या अलीकडून. इथे आम्ही जहाजावरच होतो आणि काठ आमच्याकडे बघत होता. एका वाडीवर शाळेची पोरं रांगेत उभी राहून ओरडत होती. मास्तर त्यांच्या मागे दोन्ही हात वर करून उभे.

गटातली सगळ्यात लहान मुलगी, कॉलेजात इंजिनिअरिंग शिकते, ती पूर्ण वेळ मामांच्या शेजारी बसून टिपून घेत होती. कुठे खडक आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुठून वळायचं, कुठल्या गावाचं जोतं कुठे वर येतं. मामा बोट दाखवायचे. "हितं आमचा जुना पार. ते तिकडं देऊळ." बोटाच्या टोकाला फक्त पाणी. मे महिन्यात खरंच दगड दिसतात तिथे, मामांच्या डोक्यात मात्र ते बारमाही दिसत असतात.

तापोळ्याजवळ सोळशी आणि कांदाटी या नद्या कोयनेला मिळतात. पाणी एकदम रुंद होतं. तिथे मामांनी इंजिन मंद केलं. जहाजं एकमेकांना निरोप देतात ते तीन लांब भोंगे देऊन. थोरलीला भोंगा नाही, पितळी घंटा आहे. आम्ही ठरवलं होतं की घंटाच तीनदा वाजवायची. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. मुंबईच्या गोदीत जन्म काढलेले, आता गावी परतलेले. त्यांनी पिशवीतून देवळातला शंख काढला. "तीन लांब, न्हवं?" त्यांनी काकांना विचारलं. काका प्रथमच वर आले होते, हात तेलाने काळे. म्हणाले, "तीन लांब."

पहिला शंख. डोंगरावरून तो परत आला. मग दुसरा आणि तिसरा. काकांनी सगळ्या जगातल्या बंदरांत भोंगे ऐकले असतील, ते तोंड फिरवून पाण्याकडे बघत उभे राहिले. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तापोळ्याला पेढे वाटले. तिथल्या बोटवाल्यांनी थोरलीला हार घातला आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं, तांदळाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेवटी टोपलीभर स्ट्रॉबेरी. हंगाम नुकता सुरू झालेला, थोडी आंबट, पण उन्हात बसून खायला फार छान. परतीला वारा समोरून आला. पताका बांबूभोवती गुंडाळली गेली. मामांच्या मुलाने छपरावर चढून सोडवली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा सोडवली. बामणोलीला पोहोचेपर्यंत तो वरच बसून होता.

तुम्हाला या पाण्यावर फिरायचं असेल तर बामणोली आणि तापोळा दोन्हीकडे बोटी मिळतात. भाडं सहसा पूर्ण बोटीचं असतं, माणशी नाही, त्यामुळे आठ-दहा जण जमवून जा. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, पाणी शांत दिसतं पण खोल आहे. वासोटा किल्ल्यावर जाणार असाल तर बामणोलीत वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, प्लास्टिकच्या वस्तूंची नोंद होते, आणि संध्याकाळपर्यंत परत यायचं असतं; म्हणून सकाळची पहिली बोट धरा. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. शनिवार-रविवार गर्दी फार. शक्य असेल तर मधल्या वारी या.

रविवार: मोजमाप

सकाळी थोरलीला तिच्या शेवटच्या जागी नेलं, बामणोलीपासून थोड्या अंतरावरच्या एका उथळ घळीत. अलंगला जहाजं किनाऱ्यावर कशी चढवतात हे काकांनी पाहिलं आहे: खंभातच्या आखातात मोठी भरती येते, त्या भरतीच्या वेळी जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घालायचं, पाणी ओसरलं की ते चिखलात बसलेलं असतं. कोयनेत भरती-ओहोटी नाही. पण ओहोटीसारखंच काहीतरी आहे, फक्त ती सहा तासांची नसून सहा महिन्यांची. 1 जूनपासून धरणाचं वर्ष सुरू होतं, पावसाळ्यात पाणी भरतं, मग वीज आणि शेतीसाठी ते सोडलं जातं. एकट्या पश्चिमेकडच्या वीजनिर्मितीला वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याची मर्यादा आहे. काठावरचा लाल मातीचा पट्टा आताच चार-पाच हात उघडा पडला होता. फेब्रुवारी-मार्चपर्यंत थोरलीखालचं पाणी निघून जाईल आणि ती आपोआप जमिनीवर टेकेल. पावसाच्या आधी गॅस कटरवाले येतील.

मामांनी तिला घळीत हळूच घातली, नाळ मातीला लागली तेव्हा किंचित हिसका बसला. इंजिन बंद करायला त्यांनी काकांना सांगितलं. काकांनी नाही म्हटलं. "मामा, तुमचा हक्क आहे." मामांनी बंद केलं.

मग कामाला लागलो. मीटरटेप, ओळंबा, दोऱ्या, आलेखाचा कागद. दर दोन फुटांवर आडवी मापं घ्यायची, खालच्या पोटाचा बाक दोरीने उतरवायचा, बाकांची उंची, सुकाण्याचा व्यास, छपराच्या खांबांची जागा. ती मुलगी आकडे ओरडायची, मी लिहायचे, काका दर मापाला पुन्हा तपासायचे. मोठ्या जहाजांचे नकाशे कारखान्यांत आणि संग्रहालयांत जपलेले असतात. 'क्वीन एलिझाबेथ 2' तर स्वतःच 2018 पासून दुबईत हॉटेल होऊन उभी आहे. थोरलीचा एकही कागद कुणाकडे नव्हता. गावच्या कारागिरांनी दर दुरुस्तीत तिच्यात काही ना काही बदललेलं. डाव्या बाजूचं तिसरं बाक इतरांपेक्षा बुटकं आहे. का, म्हणून विचारलं तर मामा म्हणाले, "तिथं शाळेची पोरं बसायची. त्यांचे पाय पोचावेत म्हणून बापानं खाली घेतलं." हे नकाशात लिहून ठेवलं.

दुपारी बाजरीची भाकरी आणि दही खाऊन निघालो. घंटा आणि सुकाणू मामा घरी नेणार आहेत. पताका आम्ही त्यांच्याकडेच ठेवली. आजींनी ओटीतला खण मला दिला. मी नको म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही.

नकाशा आता साफ काढून होत आला आहे. त्याची एक प्रत बामणोलीच्या धक्क्याजवळ, एक तापोळ्याला आणि एक मामांच्या घरी लावणार आहोत. पण लाँचीचे फोटो फार थोडे मिळाले, तेही अलीकडचे. जावळीतून, कांदाटी खोऱ्यातून, पाटणकडून मुंबईला गेलेल्या घरांत जुन्या लग्नाचे फोटो असतील. त्यांत मागे कुठेतरी लाँच उभी असेल. कुणाच्या आजी, आत्या, मावशी लाँचीतून नांदायला गेल्या असतील. त्यांना विचारा, फोटो असेल तर त्याची प्रत काढून बामणोलीला याल तेव्हा मामांकडे द्या. धक्क्यावर थोरलीचं नाव घेतलं की घर कुणीही दाखवेल. थोरलीला प्रत्यक्ष बघायचं असेल तर मार्चच्या आत या. तोवर ती घळीत आहे, आणि आत चढून बाकावर बसायला मामा कुणालाही नाही म्हणत नाहीत.